ओंगळकाका आणि माझ्या गाडीचा गिअर

ओंगळकाकांइतका स्वच्छ माणूस मी आजवर पाहिलेला नाही. ते नाव आम्ही ठेवलेलं, गाड्यांचं वेड असलेल्या खराडीतल्या पाच-सात जणांनी, आणि तेही त्यांच्या राहणीवरून नाही, तर त्यांच्या तोंडातल्या शब्दावरून. नको ते समोर आलं की त्यांचा वरचा ओठ डावीकडून किंचित उचलला जायचा, नाकपुड्या आवळायच्या आणि अगदी हळू आवाजात, स्वतःशीच बोलल्यासारखं ते म्हणायचे, "ओंगळ आहे." सिग्नलला शेजारच्या बसच्या खिडकीतून पडलेली पिचकारी ओंगळ. पुलाच्या खांबावर एकावर एक चिकटवलेले वाढदिवसाचे फलक ओंगळ. कुणी चहात बिस्कीट बुडवलं आणि ते आत गळून पडलं, तर तेही ओंगळ. पण हा शब्द त्यांनी खरा राखून ठेवला होता तो वाईट कामासाठी. वरून चकचकीत आणि आतून खोटं असं काम दिसलं की त्यांना खरोखर मळमळायचं. एका गाडीच्या बॉनेटखाली डोकावून ते बाजूला जाऊन पाणी पिऊन आले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मी अमरावतीची. नोकरीसाठी पुण्यात आले, खराडीतल्या एका कंपनीत बारा वर्षं संगणकापुढे बसले आणि चाळिशी दिसू लागली तेव्हा एक हौस केली. दोन दारांची, बुटकी, लाल रंगाची, हाताने गिअर टाकायची जुनी परदेशी स्पोर्ट्‌स कार घेतली. फोटो पाहून आईने फोनवर विचारलं, "दोनच दरवाजे? बाकीचे कुठी गेले वं?" ऑफिसातल्या पोरांना मात्र गाडी पसंत पडली. फक्त गिअर टाकून पाहिल्यावर त्यातला एक म्हणाला, "मॅम, फर्स्ट थिंग, शॉर्ट शिफ्टर टाका. हा तर एसटीचा गिअर वाटतो." शॉर्ट शिफ्टर म्हणजे गिअरची आखूड लिव्हर. ती बसवली की हात चार बोटं हलवायच्या जागी दोन बोटं हलवला तरी गिअर पडतो, आणि पडताना टक्क असा आवाज येतो. तो आवाज मी इंटरनेटवर इतक्या वेळा ऐकला की शेवटी ती लिव्हर मागवलीच. लाल मुठीची, आरशासारखी चमकणारी.

ती बसवायला कुणीतरी वाघोलीचा पत्ता दिला. "काम उत्तम करतात. अपमानाची तयारी ठेवून जा," असंही सांगितलं.

नगर रस्त्यावरून आत वळल्यावर, एका कॉलेजच्या मागे, तात्या नावाच्या जागामालकाच्या घरामागे पत्र्याची शेड होती. बाहेर वाघोलीची ती कायमची धूळ, बांधकामांचे डंपर, गटाराचं उघडं तोंड. आणि आत पाऊल टाकलं तर फरशी अशी की मी नकळत चपला काढायला वाकले. पांढऱ्या अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यावर निळा एप्रन घातलेले, साठी ओलांडलेले एक किडकिडीत गृहस्थ लोखंड कातायचं लेथ मशीन पुसत होते.

"काका, शॉर्ट शिफ्टर बसवायचाय."

"कशासाठी?"

"म्हणजे शिफ्टिंग जरा स्पोर्टी होतं."

"मराठीत सांगा."

"लिव्हर कमी हलवावी लागते. आत्ताचा एसटीचा गिअर वाटतो."

"आत्ता जास्त हलवून दमता का आपण?"

आमच्याकडे माणूस कितीही चिडलेला असला तरी आधी पाणी विचारतो. इथे बसायलाही सांगितलं नव्हतं. मी खोका पुढे केला. त्यांनी झुरळाला मिशी धरून उचलावं तशी ती लिव्हर दोन बोटांनी उचलली, उजेडात धरली, आटे पाहिले आणि ओठ वर गेला. "ओंगळ आहे," म्हणाले, आणि खोक्यात परत ठेवून हात धुवायला गेले.

हात धुऊन आले आणि न विचारता माझ्या गाडीत बसले. इंजिन बंदच. डोळे मिटून त्यांनी एकेक गिअर टाकून पाहिला, पहिल्यापासून पाचव्यापर्यंत आणि परत. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना तीनदा थांबले. मग लिव्हरभोवतीचं चामड्याचं कव्हर सोडवलं, खालचा पत्रा उघडला आणि मला म्हणाले, "या, बघा."

आत जे होतं ते मला अजून आठवतं आणि अजून शिसारी येते. रबराचा पडदा फाटून चिंध्या झालेला. त्याच्याखाली तेल असायला हवं, तिथे डांबरासारखा काळा लगदा. त्यात केस. लांब केस, माझे नसलेले. शेंगदाण्याचं टरफल, चॉकलेटचा कागद, कापलेलं नख, आणि या सगळ्याला बांधून ठेवणारा जळक्या तेलाचा आंबूस वास. हा वास मला गाडीत रोज यायचा. मी तो जुन्या गाडीचा वास समजून वर सुगंधी डबी लावून ठेवली होती.

"यावर तुम्ही दागिना चढवणार होता," काका म्हणाले.

मला वाटलं, ते आता साफ करतील. त्यांनी माझ्या हातात रॉकेलचा डबा, दात घासायचा जुना ब्रश आणि सुती फडकं ठेवलं. मी म्हटलं, "मी?" ते म्हणाले, "गाडी कुणाची आहे?" मी एकामागून एक तीन शनिवार ते धुतलं. काका लेथजवळ उभं राहून बघायचे आणि मी झालं म्हटलं की पांढरा रुमाल काढून त्या भागावरून फिरवायचे. रुमालावर काळी रेघ उमटली की तो मला दाखवून, घडी घालून खिशात ठेवायचे. तिसऱ्या शनिवारी रुमाल पांढरा राहिला. तेव्हा त्यांनी नवा रबरी पडदा घातला, लिव्हरच्या गोळ्याखालची झिजलेली नायलॉनची वाटी बदलली, ताजं तेल ओतलं आणि मूळचीच लिव्हर परत बसवली. मी नगर रस्त्यावर एक फेरी मारून आले. गिअर असा पडत होता की मी काहीच केलं नाही आणि तो आपसूक गेला. मी नुसतीच हसत उभी राहिले.

"आता सांगा," ते म्हणाले, "एसटीचा वाटतो का?"

चमकती लिव्हर मात्र त्यांनी शेवटपर्यंत बसवली नाही. कारण विचारलं तर टेबलावरची एक पट्टी घेऊन खाली पेन्सिलीचा टेकू दिला आणि दाखवलं. टेकू वर सरकवला की वरचा हात थोडा हलला तरी खालचं टोक पूर्वीइतकंच हलतं. पण मग जोर जास्त लागतो. "आणि तो जोर कुणावर जातो? गिअर जुळवणाऱ्या आतल्या पितळी कड्यांवर. तुमच्या हाताला मजा, त्यांना मार. जे दिसत नाही त्याला मारून मजा घ्यायची, हे मला जमत नाही." एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

त्यानंतर मी कामाशिवायही शेडमध्ये जाऊ लागले. ते पिंपरीच्या एका मोठ्या कारखान्यात गिअरबॉक्स जुळवायच्या विभागात चौतीस वर्षं होते. राहायचे नारायण पेठेत, दोन खोल्यांत, काकूंबरोबर. रोज सकाळी पीएमटीने वाघोलीला यायचे, पिशवीत स्वतःचा स्टीलचा पेला, स्वतःचा साबण आणि बसच्या सीटवर टाकायला वर्तमानपत्राचं पान. ते पान उतरताना घडी घालून परत पिशवीत. स्वतःकडे गाडी नव्हती. "दुसऱ्यांच्या गाड्यांत काय काय बघितलंय, मग घ्यावीशी वाटली नाही," म्हणायचे.

एकदा एक भलीमोठी पांढरी गाडी आली. मालकाच्या गळ्यात साखळी, सोबत दोन माणसं. गिअरमधून घरघर येत होती. काका गाडीपर्यंत गेले, दाराकडे पाहिलं आणि तिथेच थांबले. दाराच्या बाहेरच्या बाजूवर, काचेखाली, गुटख्याचे वाळलेले ओघळ होते.

"हे धुऊन आणा," काका म्हणाले.

"गिअरचं काम आहे. दाराचा काय संबंध?"

"ज्याला स्वतःच्या दारावर थुंकताना काही वाटत नाही, त्याच्या गिअरमध्ये मी हात घालणार नाही."

सोबतचा एक जण पुढे आला. काका हलले नाहीत. जागामालक तात्या ओसरीवरून ओरडून म्हणाले, "पाटील, म्हातारा ऐकायचा न्हाय. नळ तिकडं हाय, धुवा नि या." आणि त्या माणसाने, मी बघत असताना, स्वतःच्या हाताने दार धुतलं. काकांनी मग त्याची गाडी संध्याकाळपर्यंत नीट करून दिली. तो खूश होऊन गेला. पुन्हा आला तेव्हा तोंडात काही नव्हतं.

आता मी माझ्या ओंगळपणाकडे येते.

गिअर उत्तम पडत होता, तरी तो टक्क आवाज माझ्या डोक्यातून गेला नव्हता. आमच्या गाडीवेड्यांच्या ग्रुपमधल्या इतरांनी तसल्या लिव्हरी बसवून घेतल्या होत्या आणि रविवारी सगळे जमले की माझी चेष्टा व्हायची. "मॅमच्या गाडीला काकांनी सोवळ्यात ठेवलंय." काकांना पुन्हा विचारायची हिंमत नव्हती. त्यांचा तो वर जाणारा ओठ मला नको होता. बायपासला गाड्या सजवायचं एक नवं काचबंद दुकान निघालं होतं, कॉफीचं मशीन, सोफा, आत गुलाबाचा फवारा मारलेला. तिथे गाडी दिली. दोन तासांत लिव्हर बसली. दुकानाच्या तिशीतल्या हसतमुख मालकाने माझ्या लाल मुठीचा फोटो काढून दुकानाच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकला. आत काय केलं ते मी पाहिलं नाही. सोफ्यावर बसून कॉफी पीत होते.

तीन आठवडे मी त्या आवाजावर जगले. मग एका रविवारी मैत्रीण शलाका म्हणाली, चल ताम्हिणीला. घाट उतरताना, एका वळणापाशी, मी तिसऱ्यातून दुसऱ्यात घ्यायला लिव्हर ओढली आणि ती माझ्या हातात आली. मुळापासून. मी ती क्षणभर हातात धरून बघत राहिले, इतकं ते अशक्य वाटलं. गाडी कुठल्याच गिअरमध्ये नव्हती आणि उतारावर वेग घेत होती. मी ब्रेक दाबला, हातातली लिव्हर टाकून हँडब्रेकही ओढला. गाडी वळणाच्या ऐन मध्यावर तिरकी होऊन थांबली. मागून येणाऱ्या ट्रकचे ब्रेक किंचाळले ते अजून कानात आहेत. तो आमच्यापासून हातभर अंतरावर थांबला. शलाकाने पट्टा नीट लावलेला नव्हता. तिचं कपाळ समोर आपटलं आणि भुवईतून रक्त आलं. ट्रकवाला खाली उतरला, शिव्या द्यायला म्हणूनच उतरला असावा, पण तिचं तोंड पाहून त्याने गळ्यातला गमछा काढून दिला.

शलाकाला भुवईवर चार टाके पडले. ती मला काही बोलली नाही. मी दुसऱ्या दिवशी गाडी ओढून नेणाऱ्या वाहनावर चढवून वाघोलीला नेली. वाटेत सबबी जुळवत होते. शेडसमोर उतरल्यावर एकही आठवली नाही. जे झालं ते सांगितलं.

काकांनी कव्हर काढलं. लिव्हर धरून ठेवणाऱ्या पट्टीला तीन बोल्ट लागतात. तिथे दोनच होते, तेही दुसऱ्याच मापाचे, आट्यांत बसत नाहीत म्हणून डिंकासारख्या पांढऱ्या सीलंटने चिकटवलेले. नवा रबरी पडदा काढताना फाडला होता आणि त्यावर काळी टेप गुंडाळली होती. टेपखाली तेल झिरपून पुन्हा तोच लगदा जमायला लागला होता. मी त्यांच्या तोंडाकडे बघत ओठ वर जायची वाट पाहत राहिले. तो गेला नाही. काका खाली बसले आणि तसेच बसून राहिले.

"त्या पोरीला किती लागलं?" त्यांनी विचारलं.

"चार टाके."

"डोळ्याला?"

"नाही. भुवईला."

मग म्हणाले, "तुम्ही तीन शनिवार हे धुतलंत. आत काय असतं हे तुम्हाला माहीत होतं. ज्याला माहीत नाही तो सोफ्यावर बसला तर मी समजू शकतो."

त्यापेक्षा त्यांनी मला ओंगळ म्हटलं असतं तर चाललं असतं. मी तिथे रडले, आणि रडताना स्वतःची जी किळस आली ती नंतर कित्येक दिवस अंगाला चिकटून होती. गाडीची चावी हातात घ्यावीशी वाटेना. आंघोळ करताना वाटायचं, नखांत अजून ते सीलंट आहे.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. त्या दुकानात घेऊन चला म्हणाले. ते दोन बोल्ट त्यांनी रुमालात बांधून आणले होते. दुकानात शिरल्यावर गुलाबाच्या वासाने त्यांना ठसका लागला. त्यांनी काउंटरवर रुमाल उघडला.

"हे तुमचे का?"

मालकाने बोल्टकडे पाहिलंही नाही. "सर, गाडी बाहेर उघडली की वॉरंटी व्हॉइड होते."

"मी वॉरंटी मागायला आलेलो नाही. हे असं अजून किती गाड्यांत घातलंय ते विचारायला आलोय."

"सर, कस्टमरचा डेटा आम्ही शेअर नाही करत."

"मग तुम्ही स्वतः त्यांना फोन करून बोलवा. एक गाडी घाटात उघडी पडली आहे."

"सर, वन ऑफ केस असेल. कॉफी घेणार?"

काकांनी रुमालाची घडी घातली. "वास छान ठेवलाय तुम्ही," म्हणाले. "लागत असेल." आणि बाहेर आले. पायऱ्यांवर त्यांनी कठडा धरला. मला वाटलं रागाने. आता वाटतं, तेव्हाच त्यांना छातीत काही होत असावं.

डेटा लपवणाऱ्या त्या माणसाने स्वतःच्या पानावर प्रत्येक गाडीचा फोटो टाकला होता, नंबर प्लेटसकट. मी ते सगळे उतरवून घेतले. मग त्या नंबरांच्या यादीसकट ग्रुपवर लिहिलं, घाटातला प्रसंग जसा घडला तसा, माझ्या नावानिशी. काकांपासून लपवून मी तिथे गेले होते हेही लिहिलं. ते पाठवायचं बटण दाबायला मला अर्धा तास लागला. काहींनी मला घाबरट म्हटलं. निखिल नावाचा एक जण, जो माझी सर्वांत जास्त चेष्टा करायचा, तो मात्र दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन वाघोलीला आला. काकांनी कव्हर उघडलं. सीलंट. निखिल आपल्या लहान मुलीला शाळेत सोडायला तीच गाडी वापरत होता. मग त्यानेच बाकीच्यांना फोन लावायला सुरुवात केली.

पुढचे दोन महिने दर रविवारी शेडसमोर गाड्या उभ्या असायच्या. निरनिराळ्या कंपन्यांच्या, निरनिराळ्या रंगांच्या, आत सगळीकडे तोच पांढरा डिंक. काका एकेक उघडायचे, मी आणि निखिल रॉकेलने धुवायचो, रुमाल फिरायचा. लोक शरमलेले असायचे. काका कुणालाही टोचून बोलले नाहीत, आणि हे आम्हाला विचित्र वाटलं. शेवटी मी विचारलंच.

ते लेथवर काहीतरी फिरवत होते. मशीन बंद करून म्हणाले, "तुम्ही मला दुसऱ्यांदा का नाही विचारलंत?"

"तुम्ही तोंड वाकडं केलं असतं."

"बरोबर. म्हणून तुम्ही तिकडे गेलात." त्यांनी हात पुसले. "मी नको म्हणून मोकळा झालो. माणसाला ते हवंच असतं, तो कुठेतरी जाऊन घेतोच. मग निदान नीट केलेलं तरी घ्यावं. त्या पोरीच्या टाक्यांत एखादा माझाही आहे."

लेथच्या चकमध्ये, त्या लोखंडी जबड्यात, धरलेली वस्तू त्यांनी मला दाखवली. ती लिव्हर होती. तिचा टेकू वर सरकवलेला, पण त्या दुकानी लिव्हरीइतका नाही. हात कमी हलावा पण कड्यांना मार बसू नये, असं मधलं माप ते शोधत होते. पहिल्या चार त्यांनी स्वतःच मोडीत टाकल्या. पाचवी माझ्या गाडीत बसली. त्यात आवाज नव्हता. हात थोडासाच हलायचा आणि गिअर लोण्यात सुरी जावी तसा जायचा. शलाका पुढच्या वेळी माझ्या शेजारी बसली, पट्टा नीट लावून, तेव्हा तिने स्वतः एकदा तो टाकून पाहिला आणि म्हणाली, "ठीक आहे." तिच्या भुवईत एक पांढरी रेघ राहिली आहे.

त्या वर्षी काकांनी तशा बऱ्याच लिव्हरी केल्या. प्रत्येक गाडीला माप वेगळं, म्हणून एकीसारखी दुसरी नाही. द्यायच्या आधी ते स्वतः गाडी चालवून यायचे आणि मनासारखं नसलं तर मालकाला परत पाठवायचे. "पुढच्या रविवारी." अपमान होतच राहिले, पण आता माणसं परत यायची.

मग एक दिवस काकूंचा फोन आला. ह्यांना दवाखान्यात ठेवलंय, बायपास करायची आहे. मी गेले तेव्हा काका पलंगावर नव्हते. काकू दमलेल्या आवाजात म्हणाल्या, "तिकडे बघा." वॉर्डच्या कोपऱ्यातल्या संडासाचं दार उघडं होतं. एका हाताच्या मनगटाला सुई टोचून पट्टी लावलेली, आणि दुसऱ्या हाताने काका लांब ब्रश घेऊन भांडं घासत होते. सफाईच्या मावशी दाराशी उभ्या राहून विनवत होत्या, "आजोबा, माझी नोकरी जाईल." नर्सने त्यांना ओरडत पलंगावर आणलं. मी म्हटलं, "काका, उद्या ऑपरेशन आहे." ते म्हणाले, "मावशींचा काही दोष नाही. चार मजल्यांना एक बाई आणि एक ब्रश. हे असं ठरवणारा माणूस ओंगळ." मग धाप लागली. साबण मागितला. मी तांब्यात पाणी आणून त्यांचा मोकळा हात धुतला. ते दुसरीकडे बघत होते. दुसऱ्याकडून धुऊन घेणं त्यांना आवडलं नव्हतं, पण हात काढून घेतला नाही.

ऑपरेशननंतर ते शुद्धीवर आलेच नाहीत. वैकुंठ स्मशानभूमीत आम्ही गाडीवाले इतके जमलो होतो की नारायण पेठेतले त्यांचे शेजारी काकूंना विचारत होते, ही माणसं कोण. काकूंनाही नीट सांगता येईना.

तेराव्यानंतर तात्यांनी निरोप पाठवला की घाई नाही, पण शेड बघून घ्या. मी, निखिल आणि शलाका गेलो. तात्यांनी कुलूप काढलं आणि म्हणाले, "दवाखान्यात जायच्या आदल्या दिशी आला होता. दिसभर झाडत होता. म्या म्हनलं, काका, आजारी हाय तुमी, ऱ्हाऊ द्या. ऐकायचा व्हय?" ते आत आले नाहीत, बाहेरच डोळे पुसत थांबले.

आत आवरण्यासारखं काही नव्हतं. हत्यारं मापाप्रमाणे भिंतीवर लावलेली, रॉकेलचे डबे रिकामे करून उपडे घातलेले, लेथला तेलाचा पातळ हात दिलेला. फक्त लेथच्या चकमध्ये एक लिव्हर अडकवलेली होती आणि तिला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. त्यांच्या सरळ, सुट्या अक्षरात लिहिलं होतं, "अपुरी आहे. कोणी बसवू नये."

निखिलने ती चकमधून सोडवली. दारात उजेडाला आणली, फिरवली, आटे पाहिले, गोळ्यावरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे दिली. मी माप घेतलं, दोनदा घेतलं. शलाकानेही हातात घेऊन पाहिली. तिघांनी आळीपाळीने ती उजेडात धरली. तिच्यात काय अपुरं राहिलं होतं, ते आमच्यापैकी एकालाही कळलं नाही.